माराचा नकाशा

डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेलो तेव्हा वनस्पतिशास्त्र मला तोंडपाठ होतं. आमच्या घराण्यात बीएस्सी झालेला मी पहिला. माझ्या आधी कोणी कॉलेजचं फाटकही आतून पाहिलं नव्हतं, आणि हे मी तेव्हा छाती काढून सांगत असे, आजही सांगतो. कामठीला मागाच्या खोलीत बाबांनी माझी पदवी काचेत बसवून टांगली होती. तर असा मी, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसलो. प्राचार्यांनी नाव-गाव विचारलं. मग कोपऱ्यातले एक गृहस्थ पुढे वाकले. कानावर पेन्सिल खोचलेली, टकलाची उन्हानं साल निघालेली. त्यांनी विचारलं,

"लहानपणी काय चोरलं?"

मी म्हटलं, "काही नाही, सर."

"काहीच नाही? बोरं? चिंचा? आंबे?"

"नाही सर. आमच्या घरी चोरी चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे एखाद्या आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग प्राचार्यांना म्हणाले की मुलगा हुशार असेल, पण वनस्पतिशास्त्राच्या कामाचा नाही. एवढं बोलून ते पुन्हा कोपऱ्यात गेले. नोकरी मला मिळाली, कारण दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

हे आमचे विभागप्रमुख. पुढे बरीच वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. लोक मला विचारत, अशा माणसाखाली कसं निभवतोस गा? मी सांगत असे की त्यांच्या हाताखाली फारसं राहावंच लागत नाही, ते सतत कुठल्या तरी झाडाखाली असतात.

सर नागपूरच्या महाल भागात राहत आणि सायकलनं कॉलेजला येत. वाटेत एक चौक होता. एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला सायकलरिक्षांचा अड्डा. तिथं आले की सर सायकलवरून उतरत, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडत, चपला काढून हँडलला अडकवत आणि कोरडा ठणठणीत डांबरी रस्ता जपून पाय टाकत ओलांडत. पलीकडे गेले की पाय झटकून चपला घालत. का, तर पूर्वी तिथून नाला वाहत होता. कोणीतरी तो बुजवून वर रस्ता केला होता आणि सरांना ते मान्य नव्हतं. रिक्षावाले रोज विचारत, "सर, आज पाणी किती हाय?" सर गंभीरपणे सांगत, "घोट्याइतकं. जपून जा." एका पावसाळ्यात त्या चौकात खरंच गुडघाभर पाणी भरलं. रिक्षा अडकल्या, पानठेल्याचे डबे तरंगत निघाले, माणसं ओट्यांवर चढून आरडाओरडा करू लागली. सर आले, उतरले, पँट दुमडली, चपला अडकवल्या आणि नेहमीच्याच चालीनं पलीकडे गेले. आज काही वेगळं झालं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं. त्या दिवसानंतर रिक्षावाले पाणी विचारताना हसत नसत.

नागपुरात राहून ते संत्री खात नसत. म्हणत, ही मंडळी आत्ता आत्ता आली आहेत, जरा रुळू द्या. एकदा संत्रा बागायतदारांच्या समारंभाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. समोर फोडींचं ताट भरून ठेवलेलं, आणि सर खिशातून चारोळ्या काढून एकेक तोंडात टाकत सगळी भाषणं ऐकत बसले.

चोरीचा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. गॅदरिंगला आलेल्या मोठ्या पाहुण्यांना, बँकेतल्या कॅशियरला, घरी औषध द्यायला आलेल्या डॉक्टरला. स्वतःच्या मुलीला पाहायला एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, अंगानं धिप्पाड. पोहे झाले, चहा झाला आणि सरांनी मुलाला विचारलं की लहानपणी काय चोरलं. मुलाचे वडील उठले. आमच्या मुलावर आळ घेता, म्हणून चपला घालून निघून गेले. दुसरं स्थळ आलं. तो मुलगा शाळामास्तर, हडकुळा. त्याला विचारल्याबरोबर तो म्हणाला, जांभळं, हेडमास्तरांच्या परसातली, कुंपणाच्या तारेनं चड्डी फाटली आणि फाटक्या चड्डीवरच मार बसला. सरांनी विचारलं, परस गावाच्या कोणत्या बाजूला? मुलानं दिशा सांगितली, विहिरीपासूनचं अंतर सांगितलं, जांभळाच्या शेजारी आवळा होता हेही सांगितलं. लग्न तिथंच ठरलं. मुलीला कोणी विचारलं की नाही ते मला माहीत नाही, पण तिचा संसार चांगला झाला.

आता हा प्रश्न नुसता चक्रमपणा नव्हता. तो चक्रमपणाच आहे अशी माझीही समजूत बरेच दिवस होती.

दुष्काळाची ती वर्षं. जो तो म्हणे, पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. सर म्हणत, पाऊस पूर्वीही पूर्वीसारखा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की आपले आजे-पणजे पावसाच्या लहरीपणाला ओळखून होते. म्हणून त्यांनी वर उतारावर झाडी राखली, झाडीच्या पायथ्याशी तलाव बांधला आणि तलावाखाली धान लावलं. सगळा पाऊस एका आठवड्यात पडून मोकळा झाला तरी झाडी त्याला थोपवी, तलाव साठवी आणि धानाला तो पुरवून पुरवून मिळे. आता उतार बोडके झाले, तलाव गाळानं भरले, आणि आपण आभाळाकडे पाहून शिव्या देतो. पुढे पाऊस आणखी तऱ्हेवाईक होणार आहे, त्याच्याशी जमवून घ्यायचं तर जमिनीची जुनी मांडणी आधी शोधून काढा, मग दुरुस्त करा. पण खरीखुरी शोधा, सोयीची नको.

शोधायची कशी? सरकारी कागदांत ज्या झाडाचा पैसा येई तेवढंच झाड. म्हाताऱ्यांना विचारलं तर सगळे एकच सांगत, लय मोठं जंगल होतं, वाघ होते. सर म्हणत, सगळ्यांच्याच लहानपणी वाघ असतात. त्यावर सरांनी उपाय काढला. झाड कुठं होतं हे माणूस विसरतो. आपण कुठं मार खाल्ला हे विसरत नाही. मार खाल्ला म्हणजे चोरी केली, चोरी केली म्हणजे तिथं काहीतरी होतं. झालं. परीक्षेच्या जुन्या तक्त्यांची कोरी बाजू घेऊन ते गावाचा नकाशा काढत आणि जिथं जिथं कोणी मार खाल्ला तिथं लाल फुली करत. थप्पड असली तर लहान फुली, काठी असली तर मोठी. फुलीशेजारी झाडाचं नाव. मार जितका जबर तितकी ती जागा पक्की, असा त्यांचा नियम होता. अशा नकाशाला ते 'माराचा नकाशा' म्हणत, आणि विद्यापीठात पाठवलेल्या एका निबंधातही त्यांनी हाच शब्द वापरला होता. तो निबंध परत आला.

रामटेककडच्या एका गावात आमच्या कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर दर उन्हाळ्यात भरत असे. त्या गावाला जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काळातला तलाव होता. म्हणजे तलावाची पाळ होती. पाळीच्या आत डबकं होतं आणि डबक्यापलीकडे सरपंचाचं शेत. सरपंच म्हणजे त्या जुन्या मालगुजाराचाच नातू. तो म्हणे, तलाव पहिलेपासून एवढाच आहे, आमचं शेत पहिलेपासून शेतच आहे. खालच्या अंगाला धान लावणारे लोक म्हणत, तलाव मोठा होता, शेत त्याच्या पोटात घुसलं आहे. पण कुठपर्यंत होता, हे कोणाला दाखवता येत नव्हतं.

त्या वर्षी गावाला रोजगार हमीचं काम मंजूर झालं. जीपमधून एक साहेब आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढ्याशा डबक्याचा गाळ काढण्यात अर्थ नाही. तलाव खरंच मोठा असेल तर काठ दाखवा, मी काम तलावावर लावतो आणि वरचा उतार मोहा-चारोळीसारख्या जुन्या झाडांसाठी सोडतो. नाहीतर सगळ्या उतारावर निलगिरी लागेल. रोपं आलेलीच आहेत, मिरगाच्या आत काय ते ठरवा.

रोपं खरंच आली होती. ट्रकभर. ठेवायला जागा नव्हती म्हणून ती शाळेच्या खोलीत ठेवली होती आणि शाळा बाहेर कडुनिंबाखाली भरत होती. मास्तर रोज हजेरी घेऊन झाली की आत जाऊन रोपांना पाणी घालत. गावातल्या बकऱ्या खिडकीतून डोकावत, हुंगत आणि नाराज होऊन निघून जात. सर म्हणाले, बकरी ज्याला तोंड लावत नाही ते झाड गावात कशाला पाहिजे?

मग सरांनी काम सुरू केलं. पारावर म्हातारे गोळा केले आणि विचारलं, काय चोरलं, कुठं मार खाल्ला? पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडेना. सुना पदराआड हसत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी एकानं कैऱ्या कबूल केल्या आणि बांध फुटला. जो तो आपला मार सांगू लागला. मले बैल हाकायच्या तुतारीनं मारलं, तुले काय, मले बैलाच्या दोरानं मारलं. कोणी किती खाल्ला याची चढाओढच लागली. एकानं जोशात नारळ चोरल्याचं सांगितलं. सरांनी त्याला पारावरून खाली उतरवलं, इथं नारळ कधीच नव्हता म्हणाले. दुसऱ्यानं कबूल केलेल्या कैऱ्या तिसऱ्याच्या बापाच्या आमराईतल्या निघाल्या. तिसरा भरपाई मागू लागला, दोन्हीकडची नातवंडं काठ्या घेऊन आली. शेवटी आंब्याच्या लोणच्याची एक बरणी या घरातून त्या घरात गेली तेव्हा कुठं मिटलं. या गदारोळातून उताराचा नकाशा मात्र भरत गेला. चारोळीची चारं, तेंदूची टेंभरं, मोहा, आवळा; बोडक्या टेकडीवर लाल फुल्यांचं रान उठलं.

तलावाचा काठ तेवढा सापडेना. तलावात सगळे घाटाच्या बाजूनंच उतरत. पलीकडच्या काठाला कोणी कशाला जाईल?

मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती बोललो नव्हतो. बाबा याच गावचे. लहानपणीच त्यांचे वडील त्यांना घेऊन कामठीला मागावर कामाला गेले, ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत. बाबा गावाचं नाव घेत नसत. आम्हीही विचारत नसू. आम्ही कोणत्या समाजाचे, छप्पन सालापूर्वी काय होतो आणि नंतर काय झालो, हे त्या गावात मला आडनाव सांगितल्याबरोबर कळवलं गेलं: सरपंचाकडे चहा आला तो सरांना कपबशीत आणि मला काचेच्या गिलासात. सरांना हे दिसलं नाही. ते छपराच्या आढ्याचं लाकूड कोणत्या झाडाचं आहे ते पाहत होते. त्यांना झाडं दिसत, गिलास दिसत नसत. हा त्यांचा दोष मी लपवणार नाही.

सरपंचानंच बोलता बोलता सांगितलं की हे तुमचे मास्तर आमच्याच गावचे हायेत ना. सर माझ्याकडे वळले. एखाद्यानं दुर्मिळ रोप खिशात लपवून ठेवावं आणि ते सापडावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"तुमचे वडील इथले? आणि हे तुम्ही आत्ता सांगता?"

पुढच्याच रविवारी ते कामठीला आमच्या घरी हजर. आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. सर जमिनीवर मांडी घालून जेवायला बसले, दोनदा रस्सा मागून घेतला, माझ्या पदवीची तसबीर पाहिली, चौकट सागाची आहे म्हणाले. बाबा खूश होते. मग सरांनी विचारलं,

"लहानपणी गावात काय चोरलं?"

बाबांचा घास हातातच राहिला. "चोरी? आमी चोरी नाई केली."

"म्हणजे तसं नाही हो. पोरपणीची. मार खाल्ला असेल ना?"

"मार खाल्ला. पन चोरी नाई केली."

सर गोंधळले. त्यांच्या शास्त्रात चोरीशिवाय मार बसतच नव्हता. नकाशावर त्यासाठी काही खूण नव्हती. "मग मार कशाचा?" त्यांनी विचारलं.

"पान्याचा," बाबा म्हणाले. आणि मी जन्मात ऐकलं नव्हतं ते त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. घाटावर आमच्या लोकांना पाणी नव्हतं. म्हणून बाबा वळसा घालून दूरच्या काठाला गेले, ओंजळीनं पाणी प्याले. मागून मालगुजाराचा रखवालदार आला. तलावातले शिंगाडे तुटलेले होते. टरफलं काठावर पडली होती. शिंगाडे तूच तोडले, पाणीही तूच बाटवलं, म्हणून त्यानं काठीनं खाली पाडून मारलं. गावभर शिंगाडेचोर म्हणून नाव झालं. त्यानंतरच आजोबांनी गाव सोडलं.

"शिंगाड्याले मी हात बी नाई लावला," बाबा म्हणाले.

मला वाटलं सर आता काहीतरी बरं बोलतील. सर म्हणाले, "पाणी नेमकं कुठवर होतं?"

आईनं रश्श्याचं भांडं आपटलं. "मानूस सांगून राहिला लेकराले मारलं म्हनून, अन् तुमी पानी इचारता?"

सरांचं तोंड एवढंसं झालं. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खिशात टाकली. पण बाबा हसले. खरंच हसले.

"इचारू दे वं," ते आईला म्हणाले. "मार सगळेच इचारतात. पानी कुठवर होतं, हे आजवर कोनी नाई इचारलं." मग सरांकडे वळून म्हणाले, "मी येतो. जागा दाखवतो. पन तुमच्या नकाशात मले चोर लिहू नका."

"नाही लिहिणार," सर म्हणाले.

ठरल्या दिवशी बाबा पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट घालून एस.टी.तून उतरले. जीपवाले साहेब आले होते, सरपंच आला होता, अख्खं गाव आलं होतं. सरपंचाची आई, जिला सगळे पाटलीणबाई म्हणत, बांधावरच्या बाभळीखाली डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तुरीचं पीक निघालेलं, शेत नुसतं ढेकळांचं. बाबा शेतात शिरले आणि उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काहीच ओळखीचं नव्हतं. सरपंच मिशीतल्या मिशीत हसू लागला.

"काही तरी आठवत असेल," सर म्हणाले. "मार खाताना काय दिसत होतं?"

बाबांनी विचार केला. पालथं पाडलं होतं, हात डोक्यावर घेतले होते. कोपराखालून समोरची पाळ दिसत होती. पाळीत पाणी सोडायची खाच होती, आणि त्या खाचेतून रामटेकच्या गडावरचा कळस. नुसता कळस, त्याच्या खालचं देऊळ नाही.

पाळ तिथंच होती, खाच होती, गडही होता. उभ्या माणसाला सगळा गड दिसत होता. म्हणजे कोणीतरी आडवं पडून पाहायला पाहिजे. सर म्हणाले, मग पडा, बघा.

"मी इथं पुन्हा नाई पडनार," बाबा म्हणाले.

सर एकदम थांबले. मला वाटतं त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा झाडामागचा माणूस दिसला.  त्यांनी चष्मा सारखा केला आणि विभागप्रमुख, एम.एस्सी., इस्त्रीच्या पँटीसकट सरपंचाच्या ढेकळांत पालथे पडले.

"हात डोक्यावर घ्या," बाबा म्हणाले.

सरांनी घेतले.

"काय दिसते?"

"देऊळ दिसतंय. अर्धं."

"मंग पुढं सरका. पाळीकडं."

सर सरपटत पुढं गेले. बाबा मागे हात बांधून, बूट न मळवता, त्यांच्या बाजूनं चालत होते. अजून पुढं. आता डावीकडे. नाई, एवढं नाई. सर पोटावर वळत होते, तोंडात माती जात होती, टकलाला कापलेल्या तुरीचे फणकट टोचत होते. साहेबांना पडताळणी पाहिजे होती, म्हणून तेही रुमाल अंथरून शेजारी आडवे झाले. साहेब झोपले म्हणून त्यांचा शिपाई झोपला. शाळेची पोरं तर वाटच पाहत होती. थोड्या वेळानं सरपंचाच्या शेतात माणसांची रांगच रांग पालथी पडली होती, सगळे हात डोक्यावर घेऊन गडाचा कळस शोधत होते, आणि त्यांच्यामध्ये एकटे माझे बाबा ताठ उभे राहून हुकूम देत होते. माझ्या पदवीदानालाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

"नुसता कळस," सर ओरडले. "खाली काही नाही."

"तिथंच," बाबा म्हणाले. "तिथं पानी होतं."

ती जागा सरपंचाच्या शेताच्या पार वरच्या बांधाजवळ होती. म्हणजे अख्खं शेत तलावाच्या पोटात.

सरपंचाचं हसू गेलं. तो साहेबांना म्हणाला की सर्टिफिकेट नाही, साक्षीदार नाही, कोण्या शिंगाडेचोराच्या सांगण्यावरून माझं शेत नेता काय?

बाबांचे कान लाल झाले. साहेब उठून कपडे झटकू लागले. खरं होतं सरपंचाचं. एका माणसाच्या शब्दावर हद्दीच्या खुंट्या ठोकता येत नाहीत.  मला वाटलं, संपलं. निलगिरी लागली.

तेव्हा बाभळीखालून आवाज आला.

"शिंगाडे मी तोडले होते."

पाटलीणबाई उठून शेतात येत होती. सरपंच पुढे धावला, माय, तू घरी जाय वं, म्हणाला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं.

"चूप बस गा. नवी नवरी होती मी. घरात शिंगाड्याचे ढीग पडत, पन सुनेच्या हाती एक पडत नव्हता. म्हनून दुपारी लपून या काठाले येत होती. घाटावरून इथलं दिसत नाई." ती सरांच्या डोक्यापासून थोडं पुढं जाऊन उभी राहिली. "इथं उभी होती. पानी इथवर." तिनं गळ्याला हात लावला. "हे पोरगं पानी पेत होतं. मंग रखवालदार आला, अन् मी वेलीत तोंड लपवून बसली. सगळं पायलं मी."

 सर, अजून पालथेच, आनंदानं हात आपटत म्हणाले, "एकाच माराला दोन साक्षीदार! असं कधी झालं नाही!"

कोणी हसलं नाही. सरांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी तोंड मातीत घातलं.

साहेबांनी तिथंच खड्डा करायला सांगितला. वरच्या मातीखाली काळा गाळ लागला आणि गाळात गोगलगायींचे पांढरे शंख. साहेबांनी ते हातावर घेऊन सरपंचाला दाखवले. सरपंच आईकडे पाहत होता, शंखांकडे नाही. साहेबांनी शिपायाला खुंट्या आणायला सांगितलं आणि निलगिरीचा ट्रक परत बोलावण्याचा निरोप दिला. मास्तरांनी हे ऐकून शाळेकडे जवळजवळ धावच घेतली. पहिली खुंटी सरांच्या डोक्याशी ठोकली, कारण नेमकी जागा चुकू नये म्हणून ते उठायला तयार नव्हते.

गर्दी पांगू लागली. पाटलीणबाई तशीच उभी होती. बाबाही. दोघंही म्हातारे, मध्ये आडवे पडलेले आमचे सर.  मला भीती वाटली की बाबा आता सगळ्या वर्षांचं तिच्यावर काढतील; काढलं असतं तर मी अडवलं नसतं. बाबा तिच्याकडे वळले. त्यांनी विचारलं,

"गोड तरी होते का?"

तिनं मान हलवली. "नाई गा. कच्चे होते."

"कच्चे!" सर जमिनीवरून मला म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू होता. "लिहून घ्या. कच्चे, म्हणजे पोळ्याच्या सुमाराचे. म्हणजे पोळ्यालाच तलाव इथवर भरत होता."

बाबांनी खाली वाकून त्यांना हात दिला आणि उभं केलं.